पिंजरे किती लागतील?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आजूबाजूचे लोक जखमी आणि घरट्यातून पडलेले पक्षी आपल्याकडे आणून देऊ लागले आहेत, हाताशी एक रिकामी शेड आहे, चार-पाच उत्साही मदतनीस आहेत, एका पशुवैद्यकांची ओळख आहे, हेच काम आता रीतसर केंद्र म्हणून करायचे असेल तर पिंजरे किती, कोणत्या मापाचे, आणि आहार काय ठेवायचा. बरीच वर्षे हे काम केल्यानंतर मला असे वाटते की पिंजऱ्यांचा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा. आधी बांधलेले पिंजरे भरतात, आणि एकदा भरले की त्यांतले पक्षी बाहेर कसे जाणार याचा विचार करायला कोणाला सवड राहत नाही. म्हणून मी उलट्या क्रमाने उत्तर देतो.

मुळात ‘निवारा’ हा शब्द या कामात थोडा फसवा आहे. भटक्या कुत्र्याला निवारा हवा असतो. छप्पर, अन्न आणि माणसाचा हात मिळाला की ते स्थिरावते. रानपक्ष्याला यांतले काहीच नको असते. आपण त्याला धरले म्हणजे त्याच्या लेखी शिकाऱ्याने धरले, आणि आपण मायेने त्याच्या मानेवरून बोट फिरवतो तेव्हा तो पुढच्या घावाची वाट पाहत निपचित पडलेला असतो. ‘किती शांत बसला आहे, आपण मदत करतो आहोत हे त्याला कळते’ असे पक्षी घेऊन येणारी माणसे नेहमी सांगतात. त्यांचे मन मोडावेसे वाटत नाही, पण तो शांतपणा भीतीचा असतो. तेव्हा पक्षी आपल्याकडे घालवतो तो प्रत्येक दिवस ही त्याने मोजलेली किंमत आहे असे धरून चालावे. केंद्राची प्रत्येक सोय, प्रत्येक नियम, ‘यामुळे हा पक्षी लवकर आणि धडधाकट बाहेर जाईल का’ एवढ्या एका कसोटीवर घासून पाहावा.

परवानगीचे प्रथम उरकून घेतो. बहुतेक देशांत रानपक्षी कायद्याने संरक्षित आहेत आणि ते उपचारासाठी ठेवून घ्यायलाही वनखात्याची किंवा तत्सम यंत्रणेची लेखी मान्यता लागते. ती मिळेपर्यंत पक्षी ठेवून घेऊ नका, मान्यता असलेल्या ठिकाणी पोहोचवा. पशुवैद्यकांशी केवळ ओळख पुरत नाही. आठवड्यातून कोणत्या दिवशी येणार, रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, कोणती औषधे त्यांच्या सांगण्याशिवाय हातात घ्यायची नाहीत, हे कागदावर असू द्या. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या उत्तम डॉक्टरांनीही पक्ष्यांचे स्वतंत्र शिक्षण घेतलेले असतेच असे नाही, आणि हे त्यांना विचारण्यात कमीपणा मानू नका.

आता फोनविषयी. केंद्रातली सर्वांत महत्त्वाची वस्तू तीच आहे, कारण विणीच्या हंगामात येणाऱ्या फोनांपैकी मोठा भाग ज्यांना कोणाच्याही मदतीची गरज नाही अशा पिल्लांविषयी असतो. अंगावर पुरती पिसे आलेले, आखूड शेपटीचे, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारे पिल्लू हे पडलेले पिल्लू नव्हे. ते घरटे सोडून उडायला शिकत आहे, आणि त्याचे आई-बाप जवळच्या झाडावर चोचीत किडा धरून माणूस कधी हलतो याची वाट पाहत आहेत. असे पिल्लू उचलून आणणे म्हणजे चांगल्या हेतूने केलेले अपहरण. फोनवर विचारायचे प्रश्न ठरवून ठेवा. अंगावर पिसे आहेत की उघडी कातडी दिसते? पायांवर उभे राहते का? रक्त, लोंबता पंख, माश्या किंवा माश्यांची अंडी दिसतात का? मांजराने तोंडात धरले होते का? उघड्या कातडीचे पिल्लू असेल आणि घरटे दिसत असेल तर ते परत ठेवायला सांगावे. माणसाचा हात लागला की आई-बाप पिल्लाला टाकतात हा समज खरा नाही. घरटेच खाली आले असेल तर तळाला भोके पाडलेली टोपली त्याच झाडाला बांधून पिल्ले तिच्यात ठेवावीत आणि लांबून तास-दोन तास नजर ठेवावी. आई-बाप फेऱ्या घालू लागले की काम झाले. असा एक फोन नीट हाताळला म्हणजे पिल्लू वाचतेच, शिवाय आपली तीन आठवड्यांची, दिवसभर दर अर्ध्या तासाने भरवण्याची मजुरीही वाचते.

मांजराचा प्रश्न मी मुद्दाम घेतला आहे. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले तर तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो, आणि दाताची खूण पिसांखाली सुईच्या टोकाएवढी असते. म्हणून मांजराने धरलेला पक्षी वरून कितीही ठीक दिसला तरी तो दाखल करायचा आणि प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हायला हवे. बाकी पिल्लांबाबत ‘थांबा, पाहा’ म्हणणारा मी येथे मात्र एक क्षणही थांबायला सांगत नाही.

पक्षी आणावाच लागणार असेल तर आणणाऱ्याला सांगायच्या गोष्टी मोजक्या आहेत. त्याच्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके घ्या, बाजूंना हवेसाठी भोके पाडा, तळाला जुने सुती कापड घाला, झाकण लावा, गाडीतला रेडिओ बंद ठेवा. खायला काही देऊ नका आणि चोचीत पाणी तर अजिबात घालू नका. शेवटची सूचना लोकांना क्रूर वाटते, म्हणून तिचे कारणही सांगावे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी, चोच उघडताच दिसेल अशा जागी असते. ड्रॉपरने सोडलेले पाणी सरळ फुप्फुसाकडे जाते. ‘दोन थेंब पाणी पाजले आणि थोड्या वेळात गेला’ ही हकीकत प्रत्येक केंद्राच्या वहीत पुन्हा पुन्हा आढळेल.

पक्षी दारात आल्यावरचा पहिला तास कसा घालवायचा, हे मी एका घुबडाकडून शिकलो. सुरुवातीच्या काळातली गोष्ट आहे. एक गव्हाणी घुबड गाडीला धडकून आले होते. मी उत्साहाने ते लगेच टेबलावर घेतले. दोन्ही पंख पसरून पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली, पाय तपासले, फोटो काढले, जमलेल्या मदतनीसांना पिसांची रचना समजावून सांगितली. पंधरा-वीस मिनिटे झाली असतील. घुबडाने मान मागे टाकली, चोच दोनदा उघडली आणि ते माझ्या हातातच संपले. पुढे पशुवैद्यकांनी ते उघडून पाहिले तेव्हा कोठे मोठा रक्तस्राव नव्हता, मोडलेले हाडही नव्हते. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम असा आहे की उघडा रक्तस्राव नसेल तर आलेला पक्षी खोक्यासकट अंधाऱ्या, उबदार, निःशब्द खोलीत किमान अर्धा तास ठेवायचा. आणणाऱ्याकडून माहिती लिहून घ्यायची ती त्याच वेळात : नेमका कोठे सापडला, केव्हा, कशा अवस्थेत, त्याने काय खाऊ घातले. सापडल्याची जागा नेमकी हवी, कारण पूर्ण वाढ झालेला पक्षी शक्यतो तेथेच परत सोडायचा असतो.

ऊब कशासाठी? पक्ष्याच्या शरीराचे तापमान सुमारे ४० ते ४२ अंश सेल्सियस असते. थंड पडलेल्या पक्ष्याला पचन करता येत नाही, औषध लागू पडत नाही, आणि उरलेली सगळी शक्ती तो अंग तापवण्यात खर्च करतो. अशक्त प्रौढ पक्ष्यासाठी २८-३० अंशांची, उघड्या पिल्लासाठी ३२-३५ अंशांची जागा ठेवावी, पण उष्णता खोक्याच्या अर्ध्या भागालाच द्यावी म्हणजे नको असेल तेव्हा त्याला सरकता येते. डोक्याला मार लागलेल्या पक्ष्याला मात्र जादा ऊब देऊ नये. काचेवर आपटलेले पक्षी बहुधा याच गटात मोडतात.

तपासणी दोन मिनिटांत, ठरलेल्या क्रमाने, एकाने धरून आणि दुसऱ्याने पाहून करावी. धरताना छातीवर दाब नको. आपल्यासारखे श्वासपटल पक्ष्याला नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच हवा आत-बाहेर होते. मुठीत घट्ट धरलेली चिमणी नाका-तोंडावर हात न ठेवताही गुदमरते. शिकारी पक्ष्याचे आधी पाय आवरावेत, कारण इजा चोचीने नव्हे, नखांनी होते. बगळ्याची मात्र चोच आधी धरावी, तो डोळ्यांवर नेम धरतो. मग छातीच्या मधल्या हाडाची कड बोटाने चाचपावी. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर पक्षी अपघातापूर्वी नीट खात होता. कड चाकूसारखी लागली तर तो अनेक दिवस उपाशी आहे, आणि आज दिसणारी जखम हे मूळ दुखणे नाही.

असा हाडाचा सापळा झालेला पक्षी समोर आला की नवख्या माणसाचा हात आपोआप मांसाच्या तुकड्याकडे जातो. येथेच मोठी चूक होते. उपाशी शरीराने पचनाची यंत्रणा जवळजवळ बंद केलेली असते आणि रक्तातल्या क्षारांचा तोल नाजूक झालेला असतो. एकदम घन अन्न गेले तर तो तोल कोसळून पक्षी भरल्या पोटी मरतो. आधी ऊब, मग पशुवैद्यकांनी सांगितलेल्या प्रमाणात द्रव, तो पाण्याच्या कमतरतेतून सावरून विष्ठा टाकू लागला की पातळ, सहज पचणारे अन्न, आणि त्यानंतर घन. घुबडे आणि घारींच्या बाबतीत केस-पिसे-हाडे असलेले अख्खे भक्ष्य तर आणखी उशिरा, कारण त्याचा न पचलेला गोळा ओकून टाकायलाही ताकद लागते. ही शिडी चढायला कधी दोन दिवस लागतात, कधी पाच. घाई करणारा मदतनीस कितीही प्रेमळ असला तरी त्याला या खोलीपासून दूर ठेवा.

वजनकाट्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यावर खर्च करायला लोक सर्वांत कमी तयार असतात. लहान पक्ष्यांसाठी दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि मोठ्यांसाठी एका ग्रॅमचा, असे दोन काटे हवेत. पक्षी आजार लपवतो. थव्यात कुबड काढून बसणाऱ्याला शिकारी आधी हेरतो, म्हणून माणूस खोलीत आला की मरणासन्न पक्षीही पिसे आवरून ताठ बसतो. त्याचे सोंग वजनाला साधत नाही. रोज सकाळी, पहिल्या घासापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून ते पिंजऱ्याला लटकवलेल्या तक्त्यावर लिहावे. वीस ग्रॅमच्या पक्ष्याचे दोन ग्रॅम घटले तर काट्यावर ते किरकोळ दिसते. पण तो त्याच्या देहाचा दहावा हिस्सा आहे. अशा वेळी ‘उद्या पाहू’ म्हणायचे नसते. प्रौढ पक्षी स्थिरावला आणि खाऊ लागला की वजनाचे दिवस मात्र कमी करावेत, कारण काट्यावर ठेवणे म्हणजेही धरणे आहे.

आहाराचे कोष्टक आपण मागितले आहे, पण एकच कोष्टक देणे म्हणजे फसवणूक होईल. चोच आणि पाय पाहून जात ओळखा. जात ओळखल्याशिवाय आहार ठरत नाही. काही गोष्टी मात्र सर्वांना लागू आहेत. दूध कोणालाच नको. पक्ष्यांना त्यातली साखर पचवता येत नाही. पाव नको. नुसते मांस नको : शिकारी पक्ष्याच्या पिल्लाला हाडांशिवाय मांस भरवले तर ते गुटगुटीत दिसते, झपाट्याने वाढते, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उभे राहायला जाते तेव्हा पाय वाकतात, कारण मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. हे नुकसान बहुधा भरून येत नाही. दाणे खाणाऱ्या अनेक जातीही पिल्लांना सुरुवातीला किडे भरवतात, हे चिमणी वाढवताना लक्षात ठेवावे. पिल्लू चोच उघडते तोवर भरवत राहू नये. पोट किंवा गळ्याची पिशवी भरली की थांबावे, आणि प्रत्येक घासानंतर विष्ठा पडते का ते पाहावे.

पाकोळी (स्विफ्ट) हे वेगळेच प्रकरण आहे. तिला केवळ किडेच हवेत. मांस किंवा मांजराचे खाद्य भरवून वाढवलेल्या पाकोळीची उड्डाणपिसे ठिसूळ येतात, आणि या पक्ष्याचे सगळे आयुष्य पिसांवर उभे आहे. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की युरोपातली पाकोळी वर्षातले सुमारे दहा महिने हवेतच राहू शकते. काही पक्षी तर त्या काळात जवळजवळ एकदाही खाली बसत नाहीत. अशा पक्ष्याला उड्डाणाचा सराव देणारा पिंजरा कोणी बांधू शकत नाही. ती पहिल्या झेपेतच पूर्ण उडाली पाहिजे. पंखांची लांबी आणि वजन पूर्ण झाले, पिसांच्या मुळांची आवरणे गळली, की मोकळ्या मैदानात हात उंच करून तिला तळव्यावर ठेवायचे आणि थांबायचे. ती अंग थरथरवते, आणि मग जाते. हवेत फेकायचे नाही, कधीच नाही; नाही गेली तर परत आणून उद्या पुन्हा प्रयत्न करायचा.

एकटे वाढवलेले पिल्लू स्वतःला माणूस समजू लागते, आणि माझ्या मते या कामातली सर्वांत मोठी हानी हीच आहे, कारण ती होताना फार गोड दिसते. खांद्यावर बसणारे घुबड, हाक मारली की येणारा कावळा यांचे व्हिडिओ लोकांना आवडतात. असा पक्षी सोडला तर तो अन्नासाठी अनोळखी माणसाच्या डोक्यावर उतरतो आणि काठी खातो, किंवा जोडीदार म्हणून माणसालाच निवडतो आणि विणीच्या काळात त्याच्यावर हल्ले करतो. उपाय साधे पण कंटाळवाणे आहेत : एकाच जातीची पिल्ले एकत्र वाढवावीत, एकट्यासाठी दुसऱ्या केंद्रात सोबती शोधावा, शक्य असेल तर जंगली घरट्यात समवयस्क पिल्लांमध्ये मिसळून द्यावे, भरवताना बोलू नये, चेहरा पडद्यामागे ठेवावा. नावे ठेवू नयेत. आमच्याकडे पक्ष्यांना क्रमांक असतात आणि त्यावरून नवे मदतनीस माझ्यावर रुसतात. कॅलिफोर्निया कॉन्डॉर या महाकाय गिधाडाचे उदाहरण येथे बोलके आहे. १९८७ साली जगात उरलेले सर्व २७ कॉन्डॉर पिंजऱ्यात आणले गेले होते, आणि त्यांची अनेक पिल्ले कॉन्डॉरच्या डोक्यासारख्या हातमोज्याच्या बाहुलीने भरवली गेली. १९९२पासून ती सोडायला सुरुवात झाली तेव्हा त्यांतली काही इमारतींवर उतरू लागली, विजेच्या तारांवर आदळून मेली. माणूस दिसू न देणे एवढेच पुरेसे नव्हते. शिस्त लावणारा मोठा पक्षीही हवा होता. पुढे सौम्य धक्का देणारे खोटे विजेचे खांब पिंजऱ्यात उभारून त्यांना धडा द्यावा लागला आणि पिल्ले पक्षी पालकांकडून वाढवण्यावर भर आला. जगातल्या निष्णात लोकांना जे एवढे जड गेले, ते आपल्या शेडमध्ये बाटलीच्या बुचातून घास भरवून साधेल असे मानू नये.

जागेची रचना करताना तारेची जाळी ही सर्वांना सुचणारी आणि सर्वांत वाईट वस्तू आहे. घाबरलेला पक्षी जाळीवर झेपावतो, पंखांची आणि शेपटीची पिसे तुटतात, आणि मोडलेले हाड तीन आठवड्यांत जुळले तरी तुटलेले पीस पुढच्या पिसगळीपर्यंत येत नाही. म्हणजे उपचार संपलेला पक्षी केवळ पिसांसाठी कित्येक महिने अडकतो. भिंती कापडाच्या, गुळगुळीत फळ्यांच्या किंवा उभ्या पट्ट्यांच्या असाव्यात. लहान जागेतल्या शिकारी पक्ष्याच्या शेपटीला आम्ही जुन्या एक्स-रे फिल्मचे आवरण करून बसवतो. ओल्या फडक्याने पुसता येते आणि सोडताना काढून टाकता येते. तरीही पीस तुटलेच तर त्याच जातीच्या मृत पक्ष्याचे पीस बांबूच्या बारीक काडीने उरलेल्या दांड्यात सांधता येते. शिकारी पक्षी बाळगणारे बाजदार ही कला शतकानुशतके जाणतात, आणि म्हणून आमच्याकडे मृत पक्ष्यांची पंख-पिसे, परवानगीने, जातवार पाकिटांत जपून ठेवलेली असतात.

बसण्याच्या दांड्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत असल्या तर शिकारी पक्ष्याच्या तळव्याच्या त्याच बिंदूवर सतत भार पडून तेथे फोड येतो, तो चिघळतो आणि हाडापर्यंत जातो. याला बंबलफूट म्हणतात आणि तो मुख्यतः बंदिवासाचा आजार आहे. वेगवेगळ्या जाडीच्या दांड्या आणि त्यांवर कृत्रिम हिरवळीची चटई हा त्यावरचा उपाय. पेंढा अंथरू नका. ओलसर पेंढ्यात ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते आणि तिचे कण ताणाखाली असलेल्या पक्ष्याच्या, विशेषतः पाणपक्षी आणि शिकारी पक्ष्यांच्या, श्वसनमार्गात रुजतात. लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुधा वेळ गेलेली असते. शिकारी आणि भक्ष्य एकमेकांना दिसता कामा नयेत, शक्य तर ऐकूही येता कामा नयेत. ससाण्याच्या समोरच्या खोक्यात ठेवलेला होला जखमेने नव्हे, धास्तीने मरतो. दार दुहेरी असावे.

नवा पक्षी जुन्यांत मिसळण्यापूर्वी वेगळा ठेवण्याची खोली ही चैन नव्हे. कबुतरांत पॅरामिक्सो विषाणू आणि गळ्यातला ट्रायकोमोनास हा परजीवी सर्रास असतो, आणि कबूतर खाऊ घातलेल्या शिकारी पक्ष्याला तोच ट्रायकोमोनास होतो. पोपट आणि कबुतरांकडून माणसाला होणारा न्यूमोनियासारखा आजारही आहे. अलीकडच्या वर्षांत एच५एन१ बर्ड फ्लूने जगभर रानपक्षी मोठ्या संख्येने मारले आहेत. पाणपक्षी किंवा शिकारी पक्षी मान वेडीवाकडी करून, झटके देत आला तर तो मुख्य इमारतीत नेऊच नका, मास्क आणि हातमोजे घाला आणि संबंधित खात्याला कळवा. घरी कोंबड्या पाळणाऱ्या मदतनीसाला त्या काळात सुट्टी द्यावी.

औषधांबाबत एवढेच सांगतो की सस्तन प्राण्यांचा अनुभव येथे चालत नाही. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे साधे वेदनाशामक. ते दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन दक्षिण आशियातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, हे २००४ साली सिद्ध झाले, आणि तोवर काही जातींची संख्या पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली होती. २००६मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. गिधाडांना सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक आज पक्ष्यांसाठी सर्वत्र वापरले जाते, पण तेही पशुवैद्यकांनी ठरवलेल्या मात्रेतच द्यावे.

यानंतरचा विषय पुष्कळ जण टाळतात. काही पक्षी वाचवायचे नसतात. कोपराजवळच्या सांध्यातच मोडलेला पंख, कातडी फाडून बाहेर आलेले आणि वाळून गेलेले हाड, पाठीचा कणा तुटलेला पक्षी, दोन्ही डोळे गेलेला ससाणा : यांना वेदनारहित मरण देणे हा उपचारच आहे. एका डोळ्याचे घुबड कानांच्या भरवशावर शिकार करू शकते, म्हणून त्याला संधी द्यावी. एका डोळ्याचा, वेगाने झेप घेणारा ससाणा बहुधा टिकत नाही. एक पाय गेलेला मोठा शिकारी पक्षी दुसऱ्या पायावर सगळा भार टाकून तोही गमावतो. हे निकष पशुवैद्यकांसह बसून, समोर पक्षी नसताना, शांतपणे लिहून काढा. टेबलावर पक्षी असताना आणि आणणारे कुटुंब दारात उभे असताना घेतलेला निर्णय नेहमी ‘दोन दिवस पाहू’ असाच होतो, आणि ते दोन दिवस पक्षी भोगतो. उडू न शकणारे पक्षी कायम ठेवण्याचा मोहही होईल. पण रानात वाढलेला प्रौढ पक्षी पिंजऱ्याला सहसा रुळत नाही, आणि दहा-पंधरा वर्षे जगू शकणारी घार एक पिंजरा तेवढीच वर्षे अडवते.

सोडण्यापूर्वी पक्ष्याला काय काय करता आले पाहिजे? वळणासह लागोपाठ उडता आले पाहिजे आणि त्यानंतर चोच उघडी टाकून धापा टाकता कामा नयेत. जमिनीवरून थेट उंच दांडीवर जाता आले पाहिजे. पाणपक्ष्याला तासन्तास तरंगून अंग कोरडे ठेवता आले पाहिजे. शिकारी पिल्लाला स्वतः भक्ष्य मारता आले पाहिजे. आणि माणूस दिसला की दूर पळता आले पाहिजे. दिनचर पक्षी सकाळी, घुबड तिन्हीसांजेला, पुढचे दोन-तीन दिवस हवामान चांगले असताना सोडावे. पिल्लापासून वाढवलेल्यांसाठी पिंजराच रानाच्या कडेला नेऊन दार उघडे ठेवणे आणि काही आठवडे तेथे अन्न मांडत राहणे अधिक बरे.

कधी कधी पिंजऱ्यात न ठेवणे हाच सर्वांत मोठा बचाव ठरतो. जून २०००मध्ये केपटाऊनजवळ ‘ट्रेझर’ हे जहाज बुडून तेल पसरले. सुमारे १९,००० आफ्रिकन पेंग्विन तेलाने माखले. त्यांना धुण्यासाठी हजारो स्वयंसेवक आठवडेच्या आठवडे राबले. त्याच वेळी अजून स्वच्छ असलेले सुमारे १९,५०० पेंग्विन पकडून किनाऱ्याने सुमारे ८०० किलोमीटर पूर्वेला नेऊन सोडण्यात आले. ते पोहत घरी परतेपर्यंत त्यांच्या बेटांभोवतीचे तेल साफ करायला वेळ मिळाला. त्या पक्ष्यांना धुवावे लागले नाही, भरवावे लागले नाही. आपल्या फोनवरच्या ‘पिल्लू परत झाडावर ठेवा’ या सल्ल्याचे तत्त्व तेच आहे.

मदतनीसांविषयी एक सूचना. पाळ्या लावा, आठवड्यातून एक पूर्ण दिवस प्रत्येकाला पक्ष्यांपासून दूर ठेवा, आणि रात्री ठरावीक वेळेनंतर फोनवर ध्वनिमुद्रित सूचना लावा. या कामातून माणसे आळसाने गळत नाहीत; पहिल्या दोन हंगामांत सर्वांत जास्त राबलेली माणसेच तिसऱ्या हंगामात दिसत नाहीत. पाहायला येणाऱ्यांना उपचारांच्या खोल्या बंद असाव्यात, देणगीदारांनाही.

आता आपला मूळ प्रश्न. पिंजरे उलट मोजावेत. सोडण्यापूर्वीचा उड्डाणाचा मोठा पिंजरा एकच आहे असे धरू. एक मोठा शिकारी पक्षी स्नायू कमावण्यासाठी तेथे साधारण चार आठवडे घेतो. म्हणजे वर्षाला तेरा पाळ्या, आणि सफाई, दुरुस्ती, एखाद्याचे लांबलेले दुखणे धरले तर दहाच. घार आणि घुबड एकत्र ठेवता येत नाहीत, त्यामुळे एका पाळीत एकाच जातीचे एक-दोन पक्षी. याचा अर्थ असा की मागच्या बाजूला कितीही छोटे पिंजरे बांधले तरी आपण वर्षाला असे दहा ते वीसच शिकारी पक्षी रानात पाठवू शकता. तेवढेच घ्या आणि बाकीच्यांसाठी दुसऱ्या केंद्रांचे क्रमांक फोनशेजारी चिकटवून ठेवा. लहान पक्ष्यांचे गणित स्वतंत्रपणे, याच रीतीने मांडा. म्हणून बांधकामाला उड्डाणाच्या पिंजऱ्यापासून सुरुवात करा : जेवढी जागा देता येईल तेवढा लांब, दोन टोकांना वेगवेगळ्या उंचीच्या दांड्या, उभ्या पट्ट्यांच्या भिंती, दुहेरी दार. तो पूर्ण होईपर्यंत शेडमध्ये एक अंधारी उबदार खोली, दोन काटे आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांची रास एवढ्यावर पहिला हंगाम निभावतो. खोके एका पक्ष्यानंतर टाकून देता येते, ते धुवावे लागत नाही, आणि त्याला तारेची जाळीही नसते.